प्रोग्रॅमिंग भाषांच्या परिषदेला पहिल्यांदा जाताय? आधी वर्कशॉप आणि ट्युटोरियलचं बघा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. घरी कापूस, तूर, सोयाबीन. शिकवते एका तालुक्याच्या गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आणि सोबत पीएचडी रखडत-रखडत चालू आहे, विषय कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात बदलणारं सॉफ्टवेअर. ऑक्टोबर २०२५ मध्ये १२ ते १८ तारखेला सिंगापूरला आयसीएफपी आणि स्प्लॅश या दोन परिषदा एकत्र भरल्या, तेव्हा मी पहिल्यांदा प्रत्यक्ष गेले. त्याआधी चार वर्षं घरच्या ओट्यावर बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर परिषदा पाहिल्या. आल्यापासून विद्यार्थी एकच विचारतात, "मॅडम, तुम्ही गेल्या कशा?" प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

एक आधीच सांगते. मुख्य परिषदेतली भाषणं नवख्या माणसाच्या डोक्यावरून जातात, माझ्याही जातात. आपल्यासाठी खरे दिवस म्हणजे तिच्या आगेमागे होणारी वर्कशॉप आणि ट्युटोरियल. म्हणून हा लेख त्यांच्यापुरताच.

१. "कार्यशाळा" या शब्दाने फसू नका

आपल्याकडे कार्यशाळा म्हटलं की दीपप्रज्वलन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, दोन भाषणं, दुपारी मसालेभात आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप म्हणजे कानस घेऊन लोखंडाचा तुकडा घासणं. संशोधन परिषदेतलं वर्कशॉप यातलं काहीच नसतं.

ती एक छोटी परिषदच असते, एका बारक्या विषयापुरती. तिची वेगळी निवड समिती असते, मजकूर पाठवायची वेगळी मुदत असते, आणि एका खोलीत मावतील एवढी माणसं जमतात. तिथे कोणी शिकवत नाही. माणसं आपलं अर्धं शिजलेलं काम घेऊन येतात, झाकण उघडून दाखवतात आणि बाकीचे सांगतात की आच कुठे कमी पडली. शिकायला बसायचं असेल तर ट्युटोरियल. ती खरी शिकवणी. साधारण अर्धा दिवस, मध्ये चहाची सुट्टी, आणि बहुतेक वेळा स्वतःच्या लॅपटॉपवर हाताने करायचं काम.

मी २०२१ मध्ये पॉपल नावाच्या परिषदेच्या वेळी, ती ऑनलाइन होती, एका वर्कशॉपमध्ये वही-पेन घेऊन बसले होते, आता शिकवतील म्हणून. दहा मिनिटांत वक्त्याने पडद्यावर अशी चिन्हं मांडली की मी वहीत फक्त तारीख लिहू शकले. त्याच दिवशी शेजारच्या ऑनलाइन खोलीत नवख्यांसाठी ट्युटोरियल चालू होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

एक अपवाद लक्षात ठेवा: पीएलएमडब्ल्यू, म्हणजे प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस मेंटरिंग वर्कशॉप. नावात वर्कशॉप आहे, पण ते खास विद्यार्थ्यांसाठी असतं. २०१२ च्या पॉपलपासून सुरू झालं आणि आता इतर मोठ्या परिषदांसोबतही होतं. संशोधन कसं निवडायचं, पेपर कसा वाचायचा, पीएचडीत मन लागेनासं झालं तर काय करायचं, अशा गोष्टी तिथे मोठी माणसं मोकळेपणाने बोलतात. तुम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल किंवा एमटेक, पीएचडीच्या सुरुवातीला असाल, तर बाकी सगळं सोडून आधी याचा अर्ज भरा. त्यासोबत प्रवासाची मदतही मिळू शकते. ते पुढे सांगते.

२. कोणती परिषद कधी असते

मी हे शेतीच्या हिशेबाने लक्षात ठेवते. पॉपल जानेवारीत: कापसाची वेचणी चालू आणि तूर कापणीला आलेली. ही १९७३ पासूनची परिषद, सिद्धान्ताकडे झुकलेली. प्रकार (संख्या, यादी असे माहितीचे टाइप), तर्क, पुरावे. २०१५ साली ती मुंबईत भरली होती. मी तेव्हा बारावीला होते आणि मला सी ही प्रोग्रॅमिंग भाषासुद्धा येत नव्हती, त्यामुळे ती हळहळ बाजूला ठेवू. पीएलडीआय जूनमध्ये, ऐन पेरणीत. इथे कंपायलर आणि भाषा प्रत्यक्ष चालवण्याच्या गोष्टी जास्त. आयसीएफपी फंक्शनल भाषांची (ज्यांत प्रोग्रॅम गणिती फलनांनी रचतात), बहुतेक वेळा पोळ्याच्या मागेपुढे. २०२५ साली मात्र ती स्प्लॅशला जोडून ऑक्टोबरात गेली. स्प्लॅश एरवीही ऑक्टोबरातच, म्हणजे सोयाबीन काढणी. ऊप्सला नावाने जे पेपर छापले जातात ते याच स्प्लॅशमधले.

या चारही एसीएम या संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, तिच्यातल्या प्रोग्रॅमिंग भाषांच्या सिगप्लॅन या गटाच्या. प्रत्येकीला वेगवेगळी वर्कशॉप चिकटलेली असतात. हॅस्केल, ओकॅमल, एमएल, स्कीम, अर्लांग या भाषांच्या माणसांचा मेळा आयसीएफपीसोबत. रॉक नावाच्या प्रूफ असिस्टंटचं, म्हणजे गणिती पुरावे लिहून तपासून घ्यायच्या सॉफ्टवेअरचं (२०२५ पर्यंत त्याचं नाव कॉक होतं, जुन्या पानांवर तेच दिसेल) वर्कशॉप पॉपलसोबत. प्रोग्रॅमिंग करणाऱ्या माणसाकडे लक्ष देणारी, म्हणजे भाषा वापरायला सोपी की अवघड हे तपासणारी वर्कशॉप स्प्लॅशकडे सापडतात. मला माझं घर तिथे मिळालं.

परदेश नकोच असेल तर एफएसटीटीसीएस बघा. १९८१ पासून दर डिसेंबरात भारतातच भरते. निव्वळ प्रोग्रॅमिंग भाषांची नाही, संगणकशास्त्राच्या सगळ्या सिद्धान्ताची आहे, पण तिच्या आगेमागेही वर्कशॉप असतात, आणि रेल्वेने जाता येतं.

एक सावधगिरी. कॉलेजच्या ईमेलवर "आंतरराष्ट्रीय परिषद, तीन दिवसांत स्वीकृती, फी भरा, प्रमाणपत्र मिळवा" असले निरोप येतच राहतात. त्यांचा आणि वर सांगितलेल्या परिषदांचा काही संबंध नाही. ओळखायची सोपी रीत: निवड समितीतली पाच नावं घ्या, प्रत्येकाचं स्वतःचं पान उघडा आणि त्यांनी तिथे ही परिषद लिहिली आहे का ते बघा. पाचांपैकी एकानेही लिहिली नसेल तर खिसा सांभाळा.

३. पहिली परिषद घरून करा

तिकीट काढायच्या आधी एक परिषद पूर्ण घरून बघा. सिगप्लॅनचं यूट्यूब चॅनल आहे, त्यावर मुख्य परिषदांची भाषणं असतात, काही वर्कशॉपचीही. सगळ्या वर्कशॉपचं चित्रीकरण होत नाही. ट्युटोरियलचं तर आणखी कमी. पण ट्युटोरियलवाले आपली उदाहरणं आणि गृहपाठ बहुतेक वेळा उघड्यावर ठेवतात, ते उतरवून घ्या.

पेपर वाचायला पैसे लागत नाहीत. पॉपल, आयसीएफपी, ऊप्सला यांचे पेपर पीएसीएमपीएल नावाच्या नियतकालिकात येतात, २०२३ पासून पीएलडीआयचेही. ते सगळ्यांना मोफत खुलं आहे. कॉलेजच्या लायब्ररीकडे सदस्यत्व नाही ही सबब चालणार नाही. मी ती दोन वर्षं चालवली होती.

वेळेचं गणित आधी करून ठेवा. जानेवारीत लंडनला सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे दुपारचे २:३०, छान. सिंगापूरला ९ म्हणजे आपले ६:३०, तेही छान, म्हशीचं दूध काढून होतं तोवर. अमेरिकेत असेल तर रात्र काढावी लागते. मग एक-दोनच भाषणं निवडा आणि बाकीची नंतर बघा.

आमच्याकडे वीज गेली की टॉवरही थोड्या वेळाने मान टाकतो. म्हणून मी आदल्या रात्री स्लाइड आणि पेपर उतरवून ठेवते, आणि थेट प्रक्षेपण १४४पी वर ऐकते. चेहरा दिसला नाही तरी चालतं, आवाज यायला हवा.

४. ट्युटोरियल एकच निवडा, आणि सामान घरूनच भरून न्या

यादी बघून हाव सुटते. एका दिवसात दोन अर्ध्या-अर्ध्या दिवसांची ट्युटोरियल बसतात, म्हणून माणूस दोन्ही घेतो आणि दुपारच्या वेळी डुलक्या देतो. एकच घ्या. निवडताना वर्णनात "काय माहीत असायला हवं" ही ओळ आधी वाचा. ती ओळ नसेल तर घेणाऱ्यांना ईमेल करून विचारा. "मला हॅस्केल जेमतेम येतं, चालेल का?" एवढं पुरे. मी आजवर तिघांना विचारलं, तिघांनीही उत्तर दिलं.

आणि आता सगळ्यात मोठा खड्डा: इन्स्टॉलेशन. ट्युटोरियलसाठी लागणारं सॉफ्टवेअर आठवडाभर आधी लॅपटॉपवर उतरवून, चालवून, एक उदाहरण यशस्वी करून मगच निघा. ओपॅम या इन्स्टॉल करायच्या साधनाने रॉक उभारायला माझ्या जुन्या लॅपटॉपला अख्खी दुपार लागली, मध्ये दोनदा वीज गेली ते वेगळंच. लीन या दुसऱ्या प्रूफ असिस्टंटची गणिताची लायब्ररी उतरवायची तर जीबीच्या हिशेबाने डेटा जातो. काही जण डॉकरची तयार प्रतिमा (सगळं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं गाठोडं) देतात, तीही जडच. हे सगळं परिषदेच्या वायफायवर, शंभर माणसांसोबत, ९ वाजून ५ मिनिटांनी करायला जाल तर चहाच्या सुट्टीपर्यंत फक्त टक्क्यांचा आकडा बघत बसाल. मी बसले आहे.

दुसरा खड्डा बारीक आहे, पण मजेदार. मी घरी थोडं रॉक शिकले होते आणि ट्युटोरियल लीनचं निघालं. म्हटलं, दोन्ही प्रूफ असिस्टंट, एकाच गावचे दोन रस्ते. पहिला गृहपाठ: कोणत्याही एन साठी ० + एन = एन सिद्ध करा. रॉकमध्ये हे एका शब्दात संपतं, कारण तिथे बेरीज पहिल्या आकड्याला एकेकाने सोलत जाते. पहिला आकडा ० असला की सोलायला काही उरतच नाही. मी तोच एक शब्द ठोकला. लाल. पुन्हा ठोकला. पुन्हा लाल. लीनमध्ये बेरीज दुसऱ्या आकड्याला सोलते. म्हणजे तिथे एन + ० = एन फुकट मिळतं आणि ० + एन साठी इंडक्शन (एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जाणारा पुरावा) करावं लागतं. रॉकमध्ये नेमकं उलट. शेजारी बसलेल्या मुलाने मला न हसता एवढंच सांगितलं, "व्याख्या उघडून बघ." तो सल्ला तुम्हालाही: अडलात की आधी व्याख्या उघडा.

हे घरीच अनुभवायचं असेल तर नॅचरल नंबर गेम खेळा. ब्राउझरमध्ये चालतो, काही उतरवायचं नाही, आणि हीच बेरीज पायरीपायरीने करायला लावतो.

लीनमध्ये पुरावा जमला नाही तर त्या जागी "सॉरी" असा शब्द लिहून पुढे जाता येतं. यंत्र पिवळी खूण करतं आणि सोडून देतं. ट्युटोरियलमध्ये हा शब्द सढळ हाताने वापरा. एका गणितावर अडून बसलात तर पुढचा सगळा तास हातचा जातो.

५. वर्कशॉपला दोन पानं पाठवा

बघ्याची भूमिका एक-दोनदा ठीक. मग आपलं काहीतरी पाठवा. बऱ्याच वर्कशॉपना पूर्ण पेपर लागत नाही, दोन पानांचा विस्तृत सारांश चालतो. तो लॅटेक या मजकूर मांडायच्या सॉफ्टवेअरच्या एसीएमच्या साच्यात लिहायचा आणि हॉटसीआरपी किंवा ईझीचेअर या संकेतस्थळावर चढवायचा. परिषदेच्या साधारण दोन-तीन महिने आधी मुदत असते.

मुदतीपुढे "एओई" लिहिलेलं दिसेल. म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू आहे तोवर. १५ तारखेला २३:५९ एओई म्हणजे आपल्याकडे १६ तारखेला संध्याकाळी ५:२९. हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता आणि त्याच आनंदात मी १६ ला दुपारी ५ वाजता फाइल चढवायला बसले. जिओचा टॉवर ४:५० ला गेला होता. तेव्हा एओईचे ते जादाचे तास तुमचे नाहीत असंच समजा.

पाठवण्याआधी एक गोष्ट तपासा: वर्कशॉपचं छापील कार्यवृत्त निघतं की नाही. निघत असेल तर तो तुमचा प्रकाशित पेपर. निघत नसेल तर तो फक्त बोलण्याचा कार्यक्रम, आणि तेच काम पुढे वाढवून मोठ्या परिषदेला पाठवायला तुम्ही मोकळे. नवख्याला दुसरा प्रकार जास्त सोयीचा. कॉलेजातले साहेब मात्र पेपरांच्या त्या मोठ्या यादीबद्दल विचारतील, "स्कोपसमध्ये आहे का?" नाही म्हणून सांगा आणि चहा घ्या.

माझी पहिली दोन पानं नाकारली गेली. का, ते सांगते. कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टची सवय: अर्धं पान कंपायलर म्हणजे काय, पाव पान त्याचा इतिहास, पाव पान "आजच्या माहिती तंत्रज्ञानाच्या युगात". माझं काम दुसऱ्या पानाच्या तळाशी सुरू होत होतं. निवड समितीत बसलेल्यांना कंपायलर म्हणजे काय ते सांगायचं नसतं.

दुसऱ्या वेळी मी थेट चुकीपासून सुरुवात केली. आमच्याकडे पहिल्या वर्षाची पोरं मराठी माध्यमातून आलेली. कंपायलर इंग्रजीत ओरडला की ती वाचतच नाहीत, सरळ मला हाक मारतात. म्हणून मी शिकवण्याच्या एका छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेत चुकांचे संदेश मराठीत केले. साचा होता: "इथे अमुक हवा होता, तमुक मिळाला." पहिल्याच प्रॅक्टिकलला पडद्यावर उमटलं, "इथे संख्या हवा होता, यादी मिळाला." वर्ग खो-खो हसला. संख्या ती, यादी ती, अपूर्णांक तो, फलन ते. मग मी प्रत्येक प्रकारासोबत त्याचं लिंग साठवलं. दोन आठवडे सुखाचे गेले. मग एका पोराने स्वतःचा प्रकार तयार केला आणि नाव दिलं "बंडी". आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात, ती बंडी. पण कंपायलरला ते कोण सांगणार? हेच मी दोन पानांत लिहिलं. वरती तो मोडका संदेश, खाली तक्ता, शेवटी "यापुढे मला कळत नाही" असं स्पष्ट. या वेळी घेतलं.

तिथे बोलल्यानंतर प्रश्नांच्या वेळी पोलिश बोलणाऱ्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, आमच्याकडेही क्रियापदाला लिंग चिकटतं, तुम्ही क्रियापदच का काढून टाकत नाही? मी उभ्या जागी मनातल्या मनात करून बघितलं. "अपेक्षा: संख्या. प्रत्यक्षात: यादी." झालं. दोन वर्षं सांभाळलेला तक्ता एका प्रश्नात गेला. घरी, कॉलेजात, गाइडकडे, कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता, कारण सगळेच मराठी; क्रियापदाशिवाय वाक्य आम्हाला सुचलंच नाही.

६. पैशाचं

नोंदणी स्वस्तात हवी तर तीन गोष्टी: विद्यार्थी म्हणून भरा, एसीएमचं विद्यार्थी सदस्यत्व आधी घ्या, आणि लवकर नोंदणीची तारीख चुकवू नका. फक्त वर्कशॉपच्या दिवसांचीही नोंदणी बहुतेक ठिकाणी मिळते. ट्युटोरियल कोणत्या दिवसाच्या नोंदणीत धरलं आहे ते नीट वाचा. मुख्य परिषदेची फी भरून ट्युटोरियलच्या दारात अडवलेला एक मुलगा मी पाहिला.

मदत तीन वाटांनी मिळते. पीएलएमडब्ल्यूची शिष्यवृत्ती, सिगप्लॅनचा विद्यार्थ्यांसाठीचा प्रवासनिधी (त्याला पॅक म्हणतात), आणि स्वयंसेवक होणं. स्वयंसेवकाला दारावर बसणं, माइक फिरवणं, स्लाइडचं यंत्र बघणं अशी कामं असतात आणि त्याबदल्यात नोंदणी माफ होते. आपल्या लग्नात वाढायला उभं राहण्यासारखंच आहे, ओळखीही तशाच होतात. मुलींसाठी एसीएम-डब्ल्यूची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तिला पेपर स्वीकारलेला असण्याची अट नाही.

यात एक मेख आहे. पॅकचे पैसे परिषद झाल्यावर, पावत्या दिल्यावर मिळतात. म्हणजे विमान, हॉटेल, व्हिसा हे सगळं आधी पदरचं. मी कॉलेजच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं. ज्याला आधी पैसे उभे करणं शक्य नाही त्याने अर्जात तसं लिहावं आणि आयोजकांना विचारावं, लाजू नये.

कार्डाचंही बघून घ्या. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, आपण चालू करावे लागतात. लवकर नोंदणीच्या शेवटच्या रात्री मी तीनदा कार्ड घातलं, तीनदा नाकारलं. चूक बँकेची नव्हती, ॲपमधलं एक बटण मी दाबलं नव्हतं.

७. कागदपत्रं

पासपोर्ट आधी, बाकी नंतर. पेपर स्वीकारला की काढू असं म्हणाल तर वेळ पुरणार नाही. प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे, पण आता अनेक ठिकाणी टपाल कार्यालयातच अर्ज घेतात. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये.

आपल्याकडचा खास घोळ नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर वेगळा क्रम. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. परिषदेची नोंदणी, विमानाचं तिकीट, निमंत्रणपत्र, या तिन्हींवर पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव टाका, एक अक्षर इकडे-तिकडे नको.

मी जमवलेली कागदपत्रं अशी:

सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदत उरलेला पासपोर्ट
नोंदणीची पावती आणि आयोजकांचं निमंत्रणपत्र (नोंदणी झाल्याशिवाय बहुतेक वेळा मिळत नाही)
स्वीकृतीचा ईमेल, छापून
कॉलेजचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि रजेचा मंजूर अर्ज
बँकेचं विवरण, शिक्का मारलेलं
परतीचं तिकीट, राहण्याची पावती
मापातले फोटो

सिंगापूरचा व्हिसा मान्यताप्राप्त एजंटमार्फत होतो. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटचे वेगळे. पोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं, ते मोफत आहे. पैसे मागणारं पान दिसलं तर बंद करा. युरोपात असेल तर शेंगेन व्हिसा: फी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा प्रवास-आरोग्य विमा, आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा करून टाका. अमेरिकेसाठी मुलाखतीची तारीख मिळणं हेच मोठं काम. मुंबईला जावं लागतं.

भावांनो, खर्रा घरी ठेवा. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे. शेंगदाण्याची चटणी न्या, ती चालते.

८. तिथे पोचल्यावर

इंग्रजीची धास्ती सगळ्यांना असते. मी तीन वाक्यं पाठ करून गेले होते: मी कोण, काय करते, आणि तुमच्या भाषणातलं मला हे कळलं नाही. तिसरं वाक्य सगळ्यात उपयोगी पडलं. तिथे निम्म्या लोकांची मातृभाषा इंग्रजी नव्हती, आणि "कळलं नाही" म्हटल्यावर कोणी भुवया उंचावल्या नाहीत, उलट फळ्याजवळ घेऊन गेले.

वर्कशॉपमध्ये पुढच्या दोन रांगांत बसा. मागे बसलं की लॅपटॉप उघडतो आणि गावाकडचे मेसेज वाचत बसतो आपण. त्या वर्षी आमच्याकडे पावसाने सोयाबीनचं वाटोळं केलं होतं. मी पहिला अर्धा दिवस शेतातले फोटो बघण्यातच घालवला, आणि मग फोन बंद करून बॅगेत टाकला.

चहाच्या सुट्टीत एकट्याने कोपरा धरू नका. मोठ्या माणसाशी बोलायचं धाडस नसेल तर तुमच्याइतकाच अवघडलेला दुसरा विद्यार्थी शोधा. तो भिंतीला टेकून फोन बघत असतो. कोणी त्रास दिला, नकोसं बोललं, तर सिगप्लॅनची केअर्स नावाची समिती आहे, तिच्यातली माणसं त्यासाठीच असतात.

९. परत आल्यावर

आई निघताना एवढंच म्हणाली होती, "दिवाळीले तं येशीन ना वो?" धनत्रयोदशीला परत निघाले. म्हणून पुढची कामं पाडव्यानंतर केली, तुम्ही आठवड्याच्या आत करा: ज्यांच्याशी बोललात त्यांना दोन ओळींचा ईमेल, त्यांनी सुचवलेला पेपर वाचायला घेतला असेल तर तसं लिहून. पोलिश बाईंना मी नवे संदेश पाठवले. त्यांनी उत्तरात आणखी तीन भाषांची उदाहरणं पाठवली.

मग पावत्या. बोर्डिंग पाससकट सगळं एका पिशवीत, आणि प्रत्येकाचा फोटो, कारण तिथल्या पावत्यांची शाई महिन्याभरात उडते. परतावा परदेशातून येतो, म्हणून बँकेचा स्विफ्ट क्रमांक मागतात. खेड्यातल्या शाखेला तो बहुधा नसतो, आणि पतसंस्थेच्या किंवा सोसायटीच्या खात्यावर असे पैसे येतच नाहीत. मला राष्ट्रीयीकृत बँकेच्या नागपूरच्या शाखेचा क्रमांक मिळवायला चार चकरा आणि दोन ईमेल लागले. हा क्रमांक जाण्याआधीच काढून ठेवा. माझे पैसे जमा झाले तेव्हा कापसाची दुसरी वेचणी चालू होती, आणि पतसंस्थेचे दोन हप्ते आधीच गेले होते.